वाचकांचे प्रश्न : डिस्कला लगाम नेमका कुठे घालायचा?

या वेळी लिनक्स कर्नलमधल्या डिस्क थ्रॉटलिंगचे, म्हणजे डिस्कवरच्या वाचन-लेखनाचा वेग मुद्दाम रोखण्याचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. आज्ञा आणि फायली यांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं आणि आकडे वापरायचे. वेगळं सांगितलं नसेल तिथे उत्तरं ६ मालिकेतल्या कर्नलला धरून आहेत.

प्रश्न : ऑफिसच्या सर्व्हरमध्ये ७२०० आरपीएमची साधी हार्ड डिस्क आहे. दुपारचा बॅकअप सुरू झाला की बिलिंगचं सॉफ्टवेअर रांगायला लागतं. बॅकअपला 'आयओनाइस -सी ३' लावलं आहे, तरी काडीचा फरक नाही. (सांगली)

'आयओनाइस' फक्त प्रक्रियेच्या कपाळी प्राधान्य लिहितं. ते वाचायचं की नाही हे डिस्कचा आयओ शेड्युलर, म्हणजे वाचन-लेखनाच्या (आयओ) विनंत्यांचा क्रम लावणारा कर्नलचा भाग ठरवतो. पूर्वी सीएफक्यू हा शेड्युलर ते वाचत असे, पण २०१९च्या ५.० कर्नलमध्ये जुन्या एकपदरी रांगेबरोबर तोही गेला. त्यामुळे इंटरनेटवरचे २०१० सालचे सल्ले आज तसेच लागू पडत नाहीत. साटा डिस्कवर आता बहुधा एमक्यू-डेडलाइन असतो, आणि तो ५.१४ पासूनच हे वर्ग पाहतो. एनव्हीएमईवर (चपळ एसएसडीवर) बहुधा 'नन' असतो. तो काहीच पाहत नाही.

आधी 'कॅट /सिस/ब्लॉक/एसडीए/क्यू/शेड्युलर' चालवा. चौकोनी कंसात दिसेल तो चालू शेड्युलर. फिरत्या डिस्कसाठी बीएफक्यू घ्या. इटलीतल्या मोडेनाचे पाओलो व्हालेंते यांनी तो वाढवला आणि ४.१२ मध्ये तो मुख्य कर्नलमध्ये आला. यादीत नसेल तर 'मॉडप्रोब बीएफक्यू' करा, मग त्याच फाइलमध्ये 'बीएफक्यू' लिहा. बदल रीबूटनंतरही टिकवायचा तर /ईटीसी/यूडेव्ह/रूल्स.डी मध्ये 'रोटेशनल' १ असलेल्या डिस्कांसाठी एक नियम टाका.

आता दुसरी मेख. प्राधान्याचा उपयोग वाचनाला आणि थेट किंवा सिंक लेखनाला होतो. साधं लेखन आधी पेज कॅशमध्ये (डिस्कच्या डेटाच्या रॅममधल्या तात्पुरत्या साठ्यात) पडतं, आणि पुढे कर्नलचा फ्लशर धागा ते डिस्कवर नेतो. त्या धाग्याला तुमच्या बॅकअपचं प्राधान्य ठाऊकच नसतं. म्हणून बॅकअपच्या बाबतीत आमचा कल वाचनाला लगाम घालण्याकडे आहे. वाचन करणाऱ्याला डेटा हातात येईपर्यंत थांबावंच लागतं; वाचन मंदावलं की त्याचं लेखनही आपोआप मंदावतं. सिस्टमडी या सेवा चालवणाऱ्या यंत्रणेच्या 'सिस्टमडी-रन --स्कोप' ला 'आयओरीडबँडविड्थमॅक्स=/डेव्ह/एसडीए ३०एम' हा गुणधर्म देऊन त्यातून बॅकअप चालवा.

मात्र फक्त एमबी मोजून भागत नाही. ७२०० आरपीएमच्या तबकडीचा एक फेरा ८.३ मिलिसेकंदांचा. सरासरी अर्धा फेरा आणि वर हेड हलण्याचे आठ-नऊ मिलिसेकंद धरले, तर विखुरलेल्या जागी सेकंदाला ८० च्या आसपास वाचनं होतात. ४ केबीच्या तुकड्यांत हा वेग ३२० केबी. म्हणजे हजारो बारीक फायलींचा बॅकअप ३० एमबीच्या मर्यादेच्या पासंगालाही न पुरता डिस्क अख्खी खाऊन टाकतो. सोबत 'आयओरीडआयओपीएसमॅक्स=/डेव्ह/एसडीए ४०' घाला (आयओपीएस म्हणजे सेकंदाला होणाऱ्या वाचन-लेखनांची संख्या). बॅकअपला वेळ लागेल, पण बिलं निघतील.

प्रश्न : पेन ड्राइव्हवर दीड जीबीची फाइल कॉपी केली की चुटकीसरशी १०० टक्के दिसतं, पण इजेक्ट करताना तीन-चार मिनिटं नुसतं चाक फिरत राहतं. मोठी फाइल असली तर लॅपटॉपही अडखळतो. रॅम १६ जीबी आहे. पेन ड्राइव्ह खराब आहे का? (म्हापसा)

पेन ड्राइव्ह खराब नाही. तो फक्त मंद आहे, आणि कर्नलने तुमच्या वतीने उधारी केली आहे.

लिहायचा डेटा रॅममध्ये 'डर्टी' पानांच्या रूपात साठतो. त्याची मर्यादा दोन आकडे ठरवतात : 'व्हीएम.डर्टी_बॅकग्राउंड_रेशो' (मूळ मूल्य १०) आणि 'व्हीएम.डर्टी_रेशो' (मूळ मूल्य २०). ही टक्केवारी एकूण रॅमची नसून उपलब्ध रॅमची असते. समजा १२ जीबी उपलब्ध आहे. मग १.२ जीबीला मागच्या दाराने लेखन सुरू होतं आणि २.४ जीबी ही कमाल हद्द. या दोन्हींच्या मध्यापर्यंत, म्हणजे १.८ जीबीपर्यंत, लिहिणाऱ्या प्रोग्रामला कर्नल अडवत नाही. तुमची दीड जीबीची फाइल या मोकळ्या पट्ट्यातच मावली, म्हणून ताबडतोब १०० टक्के दिसले. पेन ड्राइव्ह सेकंदाला ८ एमबी लिहीत असेल तर तो डेटा खाली उतरायला तीन मिनिटांच्या वर लागणारच.

त्यापुढे गेलात की 'बॅलन्स_डर्टी_पेजेस' हे फंक्शन लिहिणाऱ्याला थोडं थोडं झोपवतं, एका वेळी जास्तीत जास्त २०० मिलिसेकंद. २०१२च्या ३.२ कर्नलआधी ते त्या प्रोग्रामलाच डिस्कवर पानं उतरवायच्या कामाला जुंपत असे. त्यामुळे एकाच डिस्कवर अनेक जण विखुरलेलं लेखन करायचे आणि वेग आणखी पडायचा. वू फेंगगुआंग यांच्या बदलांनंतर लिहिणारा फक्त थांबतो, उतरवण्याचं काम फ्लशरचं.

लॅपटॉपसाठी सोपा उपाय : /ईटीसी/सिसकंट्रोल.डी मध्ये एक फाइल करून 'व्हीएम.डर्टी_बॅकग्राउंड_बाइट्स' ला ६७१०८८६४ (६४ एमबी) आणि 'व्हीएम.डर्टी_बाइट्स' ला २६८४३५४५६ (२५६ एमबी) द्या, मग 'सिसकंट्रोल --सिस्टम' चालवा. बाइट्सचं मूल्य दिलं की रेशोची फाइल शून्य दाखवते. दोघांपैकी एकच लागू असतं. आता इजेक्टला अर्ध्या मिनिटाच्या आसपास लागेल आणि कॉपीची पट्टी बऱ्यापैकी खरं बोलेल.

डेटाबेसच्या सर्व्हरवर मात्र हे आकडे डोळे झाकून उतरवू नका. मर्यादा सगळ्या डिस्कांना मिळून आहे. चपळ एनव्हीएमईलाही तोच तोकडा साठा मिळतो आणि लेखन एकत्र करून उतरवण्याचा फायदा जातो. तिथे त्या एका मंद उपकरणापुरती मर्यादा घाला : /सिस/क्लास/बीडीआय खाली त्या डिस्कच्या क्रमांकाच्या फोल्डरमध्ये (एसडीबीसाठी ८:१६) 'मॅक्स_बाइट्स' भरा आणि 'स्ट्रिक्ट_लिमिट' १ करा. या फायली ६.२ पासून आहेत. त्याआधीच्या कर्नलवर फक्त 'मॅक्स_रेशो' मिळतो, आणि नुसत्या त्याच्या भरवशावर राहिलात तर निराशा होईल : वर सांगितलेल्या मोकळ्या पट्ट्यात एकूण आकडा असेपर्यंत त्याच्याकडे कुणी बघतच नाही.

किती डेटा उतरायचा बाकी आहे ते /प्रॉक/मेमइन्फो मधल्या 'डर्टी' आणि 'राइटबॅक' या दोन ओळींत दिसतं. त्या शून्याजवळ आल्याशिवाय पेन ड्राइव्ह उपटू नका.

प्रश्न : सीग्रुपच्या (प्रक्रियांचे गट करून त्यांना मर्यादा घालायची कर्नलची सोय) 'आयओ.मॅक्स' मध्ये १० एमबीची लेखनमर्यादा घातली. डीडी या कॉपीच्या आज्ञेने ५०० एमबी लिहून पाहिले तर वेग सेकंदाला १ जीबीच्या वर! मर्यादा लागूच होत नाही. (पुणे)

बहुधा लागू होते आहे. तुम्ही मोजता आहात तो रॅमचा वेग. 'आयओ.मॅक्स'चा नाका ब्लॉक थरात (डिस्ककडे विनंत्या नेणाऱ्या कर्नलच्या थरात), म्हणजे पेज कॅशच्या खाली आहे. डीडीला 'कॉन्व्ह=एफसिंक' जोडा, म्हणजे सगळं डिस्कवर पोचल्यावरच तो वेळ सांगेल. सेकंदाला १०४८५७६० बाइट्स या हिशेबाने ५०० एमबीला जवळपास ५० सेकंद लागले, तर काम बरोबर चाललं आहे.

५० सेकंद लागले नाहीत, तर या गोष्टी याच क्रमाने तपासा.

सीग्रुपची आवृत्ती. 'स्टॅट -एफसी %टी /सिस/एफएस/सीग्रुप' चालवा. 'सीग्रुप२एफएस' असं उत्तर यायला हवं. पहिल्या आवृत्तीत साधं लेखन मुळात अडतच नाही, कारण ते फ्लशरच्या, म्हणजे मुळाच्या (सर्वांत वरच्या गटाच्या) खात्यावर पडतं. २.६.३७ पासून असलेली 'बीएलकेआयओ.थ्रॉटल' मालिका वापरून अनेकांनी यात हात पोळून घेतले आहेत.

कंट्रोलर, म्हणजे एकेका साधनाचा हिशेब ठेवणारा सीग्रुपचा भाग. पालक गटाच्या 'सीग्रुप.सबट्री_कंट्रोल' मध्ये 'आयओ' आणि 'मेमरी' दोन्ही चालू हवेत. मेमरी कंट्रोलर विसरणं ही यातली सर्वांत नेहमीची चूक. कुठलं पान कुणाचं ही नोंद मेमरी कंट्रोलर ठेवतो. तो नसेल तर लेखनाचा मालक कळायला मार्ग नाही.

फाइल सिस्टिम. एक्स्ट २, एक्स्ट ४, एक्सएफएस, बीटीआरएफएस आणि एफ२एफएस यांनाच लेखनाची अशी वाटणी जमते. झेडएफएसवर सगळं मुळाच्या खात्यावर जातं. एनएफएसच्या क्लायंटवर ब्लॉक डिस्कच नसते, त्यामुळे तिथे या फाइलला अर्थ नाही.

उपकरणाचा क्रमांक. 'एलएसबीएलके'मधला मेजर:मायनर अख्ख्या डिस्कचा द्या. ८:० चालतो, पहिल्या पार्टिशनचा ८:१ दिलात तर 'असं उपकरण नाही' अशी त्रुटी येते. सिस्टमडीतून मर्यादा घालत असाल तर त्याचा एम १००० च्या पटीतला आहे हे लक्षात ठेवा. १०एम म्हणजे नेमके एक कोटी बाइट्स.

एक बारकावा फार जणांना चकवतो. लेखनाचा मालक पानागणिक नसून आयनोडगणिक, म्हणजे फाइलगणिक ठरतो. दोन गट एकाच लॉग फाइलमध्ये लिहीत असतील तर दोघांचं लेखन एकाच्याच खात्यावर पडत राहतं. दुसऱ्याचा वाटा बराच काळ जास्त दिसला की मालकी बदलते. मर्यादा हवी असेल तर फायली वेगळ्या ठेवा.

आणि 'आयओ.मॅक्स' बरोबर त्या गटाला 'मेमरी.हाय' किंवा 'मेमरी.मॅक्स' जरूर द्या. नाहीतर डिस्कवर १० एमबीने गळणाऱ्या या गटाला रॅममध्ये गिगाबाइटांनी डर्टी पानं साठवायला मोकळं रान मिळतं. १ जीबीची मर्यादा दिली की डर्टी पानांचा हिशेब त्या १ जीबीच्या २० टक्क्यांवर होतो आणि लिहिणारा वेळेत थांबतो.

गंमत म्हणून फार लहान आकडा टाकू नका. अडकलेली प्रक्रिया 'डी' स्थितीत जाते, तिला 'किल -९' ही ऐकू येत नाही आणि १२० सेकंदांनी कर्नल लॉगमध्ये 'हंग टास्क'ची तक्रार उमटते. सुटका सोपी आहे : त्याच फाइलमध्ये त्या डिस्कसाठी 'डब्ल्यूबीपीएस=मॅक्स' लिहा, तुंबलेली रांग लगेच सुटते.

प्रश्न : एका कंटेनरला 'आयओ.मॅक्स' लावल्यावर त्याच डिस्कवरचा, मर्यादा नसलेला डेटाबेसही मधूनमधून गोठतो. असं कसं? (ठाणे)

दोघांची फाइल सिस्टिम एक, म्हणून जर्नल (फाइल सिस्टिमच्या बदलांची आधी नोंद ठेवणारी वही) एक. एक्स्ट ४ दर ५ सेकंदांनी जर्नलचा व्यवहार पक्का करते, आणि 'डेटा=ऑर्डर्ड' या नेहमीच्या पद्धतीत त्या व्यवहाराशी निगडित डेटा आधी डिस्कवर उतरावा लागतो. त्यात मर्यादित कंटेनरचा डेटाही असतो, आणि तो नाक्यावर अडलेला. तेवढ्यात डेटाबेसने 'एफसिंक' (डेटा डिस्कवर पोचल्याची हमी) मागितला की तोही त्याच व्यवहारामागे उभा राहतो. मर्यादा घातली एकाला, थांबला दुसरा.

खरा इलाज म्हणजे दोघांना वेगळे एलव्हीएम व्हॉल्यूम (डिस्कचे स्वतंत्र भाग) आणि वेगळ्या फाइल सिस्टिमी देणं. डिस्क एकच असली तरी जर्नल वेगळं होतं. ते शक्य नसेल तर लेखनाची मर्यादा सैल करा आणि कंटेनरच्या कामालाच लगाम घाला : समांतर कामांची संख्या कमी करा, आरसिंकने कॉपी होत असेल तर '--बीडब्ल्यूलिमिट' द्या. वेग वरच कमी झाला की जर्नलच्या तोंडाशी काही तुंबत नाही. 'आयओ.लेटन्सी' आणि 'आयओ.कॉस्ट' (पुढचं उत्तर पाहा) या बाबतीत जास्त शहाणे आहेत : मेटाडेटा (फायलींविषयीच्या नोंदी) आणि स्वॅपच्या (रॅममधून डिस्कवर हलवलेल्या पानांच्या) विनंत्या ते अडवत नाहीत, आधी जाऊ देतात आणि त्याचं कर्ज त्या गटाकडून नंतर वसूल करतात. पण ऑर्डर्ड पद्धतीतल्या साध्या डेटाला ही सवलत नाही.

प्रश्न : मॅक्स, वेट, लेटन्सी, कॉस्ट... नेमकं काय निवडायचं? एनव्हीएमईवर एक डेटाबेस आणि काही बिल्डची (सोर्सपासून प्रोग्राम बनवण्याची) कामं आहेत. (हैदराबाद)

'आयओ.मॅक्स' ही भिंत आहे. डिस्क रिकामी असली तरी गट त्यापलीकडे जाऊ शकत नाही. भाडेकरूंना ठरलेला वेग विकायचा असेल तर ठीक. तुमच्या कामाला ते वाया घालवणं होईल.

'आयओ.वेट' म्हणजे वाटा, १ ते १००००, मूळ मूल्य १००. डेटाबेसला ८०० आणि बिल्डला १०० दिले, तर खेचाखेच झाल्यावरच ८ ला १ असं वाटप होतं. एरवी बिल्डला सगळी डिस्क मोकळी. पण या फाइलमागे कुणीतरी राबणारं लागतं. 'आयओ.कॉस्ट' चालू नसेल, तर हा आकडा नुसता शोभेचा. बीएफक्यूची आपली वेगळी 'आयओ.बीएफक्यू.वेट' फाइल आहे. सिस्टमडीचा 'आयओवेट' दोन्हीकडे भरतो. सेकंदाला लाखांच्या घरात विनंत्या झेलणाऱ्या एनव्हीएमईवर मात्र बीएफक्यू टाळा, त्याचा हिशेबच अडथळा होतो.

'आयओ.लेटन्सी' (४.१९ कर्नलपासून) मध्ये ज्याला सांभाळायचं त्याला मायक्रोसेकंदांत लक्ष्य द्यायचं. ते चुकलं की ज्यांचं लक्ष्य याहून सैल आहे किंवा ज्यांना लक्ष्यच नाही, अशा भावंडांची रांग कर्नल आखडत नेतो. भावंडं म्हणजे एकाच पालकाखालचे गट. डेटाबेस 'सिस्टम.स्लाइस'मध्ये आणि बिल्ड 'यूजर.स्लाइस'मध्ये (हे सिस्टमडीचे वरच्या पातळीचे गट) असेल तर लक्ष्य त्या दोन स्लाइसच्या पातळीवरच द्यावं लागेल, खोल आतल्या सर्व्हिसला देऊन उपयोग नाही. आकडा अंदाजाने टाकू नका. आधी भलंमोठं लक्ष्य देऊन नेहमीच्या वर्दळीत 'आयओ.स्टॅट' मधला 'एव्हीजी_लॅट' पाहा, आणि त्याच्या १० ते १५ टक्के वर खरं लक्ष्य ठेवा. फार आवळलंत तर ते सतत चुकत राहील आणि बिल्ड उपाशी मरेल.

'आयओ.कॉस्ट' (५.४ कर्नलपासून) ही तेजुन हो यांनी फेसबुकमध्ये असताना केलेली रचना. ती प्रत्येक विनंतीची किंमत काढते : आकार किती, सलग की विखुरलेली, वाचन की लेखन. मग वेटप्रमाणे खर्च वाटते. पहिल्या प्रश्नातली एमबी आणि आयओपीएसची गोची इथे मुळातच उरत नाही. मात्र तिला डिस्कची ओळख करून द्यावी लागते. कर्नलच्या सोर्समध्ये 'टूल्स/सीग्रुप' खाली 'आयओकॉस्ट_कोएफ_जेन.पीवाय' ही स्क्रिप्ट आहे. ती फिओ हे डिस्कचाचणीचं साधन वापरून सहा आकडे काढते; ते मूळ सीग्रुपच्या 'आयओ.कॉस्ट.मॉडेल'मध्ये भरायचे आणि 'आयओ.कॉस्ट.क्यूओएस'मध्ये 'इनेबल=१' करायचं. चाचणी फाइलवरच घ्या, डेटा असलेली कच्ची डिस्क तिला देऊ नका. एसएसडी नवी कोरी असताना काढलेले आकडे फसवे असतात. भरपूर लेखन झाल्यावर तिचा वेग बसतो, तेव्हाचे घ्या.

तुमच्यासाठी आमचं मत : मोजमापाला अर्धा दिवस काढता येत असेल तर कॉस्ट आणि वेट, नाहीतर लेटन्सी. परिणाम बघायला 'आयओस्टॅट'मधल्या 'युटिल'च्या टक्क्यावर जाऊ नका. एनव्हीएमई एकाच वेळी अनेक विनंत्या हाताळते, त्यामुळे १०० टक्के दिसूनही तिच्यात जीव शिल्लक असतो. 'आर_अवेट' आणि 'डब्ल्यू_अवेट' (वाचनाला आणि लेखनाला लागणारा सरासरी वेळ) पाहा, आणि प्रत्येक गटाची 'आयओ.प्रेशर' फाइल पाहा. तिच्यातल्या 'सम' ओळीचा 'एव्हीजी१०' म्हणजे गेल्या १० सेकंदांत किती टक्के वेळ निदान एक काम डिस्कसाठी खोळंबलं होतं. डेटाबेसचा आकडा उतरला आणि बिल्डचा चढला की खोळंबा हवा तिथे सरकला.

प्रश्न : क्लाउडवरच्या यंत्रात रात्रीचा डेटा इम्पोर्ट पहिला अर्धा तास सुसाट जातो, मग एकदम दहापट मंदावतो. कर्नलच्या सगळ्या सेटिंग्ज तपासल्या. डिस्क अ‍ॅमेझॉनची १०० जीबीची जीपी२ आहे. (दुबई)

लगाम कर्नलच्या बाहेर आहे. जीपी२ ला दर जीबीमागे ३ आयओपीएस मिळतात, म्हणजे तुम्हाला ३००. साठलेल्या क्रेडिटवर ती ३००० पर्यंत धावते. पूर्ण भरलेली थैली ५४ लाखांची. ३००० ने खर्च आणि ३०० ने भरणा, म्हणजे २००० सेकंदांत, तेहतीस मिनिटांत ती रिकामी. मग 'आयओस्टॅट'मध्ये आयओपीएस ३०० वर सपाट आणि अवेट वाढलेला दिसतो. जीपी३ वर जा. तिथे आकार काहीही असो, ३००० आयओपीएस कायम मिळतात. वेग मात्र मुळात सेकंदाला १२५ एमबी, त्याहून जास्त हवा असेल तर वेगळे पैसे.

प्रश्न : डेबियनचा सर्व्हर महिन्यातून एका रविवारी दिवसभर जड असतो. 'आयओटॉप'मध्ये कुठलाच प्रोग्राम दिसत नाही. दोन डिस्कांचं सॉफ्टवेअर रेड (डिस्का जोडून एक संच म्हणून चालवणं) आहे. (नागपूर)

महिन्याच्या पहिल्या रविवारी मध्यरात्रीनंतर एमडीएडीएमची (रेड सांभाळणाऱ्या साधनाची) तपासणी सुरू होते. ती कर्नलच्या धाग्यातून चालते, म्हणून सीग्रुपच्या मर्यादा तिला शिवत नाहीत. तिची कमाल /प्रॉक/सिस/डेव्ह/रेड/स्पीड_लिमिट_मॅक्स मध्ये आहे, मूळ मूल्य २००००० केबी, म्हणजे साध्या हार्ड डिस्कला मर्यादा नसल्यासारखीच. एकाच अ‍ॅरेसाठी (डिस्कांच्या संचासाठी) हवी असेल तर /सिस/ब्लॉक/एमडी०/एमडी/सिंक_स्पीड_मॅक्स. ४ टीबीच्या डिस्कला १५० एमबीच्या वेगाने साडेसात तास लागतात, ५० एमबीवर आणलंत तर बावीस. रविवारचं काम सोमवारवर जाणार नाही असा आकडा निवडा. तपासणी बंद मात्र करू नका.